पंचेचाळिशीत जिम ट्रेनर व्हायचं तर

ट्रेनरच्या नोकरीला वयाची अट कुठे लिहिलेली नसते. अट असते ती पहाटे साडेपाचला शटर वर करण्याची आणि रात्री दहाला इकडेतिकडे पडलेले डंबेल रॅकवर लावण्याची. बडोद्यातल्या बहुतेक जिम दोन तुकड्यांत भरतात, सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते दहा. मधली दुपार रिकामी. बँकेत, शाळेत किंवा नंदेसरीकडच्या एखाद्या कंपनीत वीस वर्षं काढून या कामात येऊ पाहणाऱ्याला आधी हेच जड जातं. काम साडेनऊ तासांचं, पण त्यापायी दिवस सतरा तास अडकतो. घरी यावर बोलणं कोर्सची फी भरण्याआधी झालेलं बरं.

दुसरं काम मेडिक्लेमचं. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. या वयात बीपी किंवा शुगर थोडीफार सुरू झालेली असते आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत वेटिंग लागू शकतं (२०२४ पूर्वी ते ४८ महिन्यांपर्यंत असायचं). म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी काढावी आणि वेटिंगचा काळ पगार चालू असताना जितका संपेल तितका संपवावा. हे कोर्सच्या आधी सांगतोय, कारण कोर्सची आठवण सगळ्यांना असते, याची कुणालाच नसते.

आता कोर्स. प्रमाणपत्रांचा बाजार भरपूर आहे आणि दोन दिवसांत ‘सर्टिफाइड ट्रेनर’ करून देणारेही त्यात आहेत. पारखायला तीन प्रश्न पुरतात. परीक्षा निरीक्षकाच्या देखरेखीखाली होते का? सीपीआरचं (हृदय थांबलेल्याला छाती दाबून, श्वास देऊन वाचवण्याचं) वैध प्रमाणपत्र मागतात का? ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो कागद भिंतीवर लावण्यापुरता आहे. अमेरिकेतल्या एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षांना तिथल्या एनसीसीएची (अशा प्रमाणपत्रांची पारख करणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे आणि भारतातल्या मोठ्या जिम त्या ओळखतात. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न असतात, ८०० पैकी ५०० गुण लागतात. एनएएसएममध्ये दोन तासांत १२० प्रश्न. दोन्हींचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी. आपल्याकडे क्रीडा, शारीरिक शिक्षण, फिटनेस या क्षेत्राची स्किल कौन्सिल आहे. तिच्या ‘फिटनेस ट्रेनर’ या जॉब रोलचं मूल्यमापन लेखी आणि प्रात्यक्षिक असं दोन्ही होतं. इंग्रजी परीक्षेची धास्ती असेल तर सुरुवात इथून करायला हरकत नाही. दोन-तीन वर्षांनी दुसरी परीक्षा देता येते.

अभ्यासात अडतं ते ॲनाटॉमीपाशी. स्नायूंची यादी वरून खाली पाठ करणाऱ्याचं पंधरा दिवसांत सगळं विसरायला होतं. या वयात पाठांतरापेक्षा हालचालीला धरून शिकणं टिकतं. एक व्यायाम घ्यायचा, समजा केबल रो, म्हणजे बसून केबलचं हँडल पोटाकडे ओढणं. कुठले सांधे हलतात? खांदा मागे जातो, कोपर वाकतो, खवाटे मणक्याकडे सरकतात. मग कोण ओढतंय? लॅट्स, ऱ्हॉम्बॉइड्स, मधला ट्रॅपेझियस, मागचा डेल्टॉइड, बायसेप्स. असे तीस व्यायाम पक्के झाले की जवळजवळ सगळे मोठे स्नायू दोन-तीनदा येऊन जातात. परीक्षेतले प्रश्नही तसेच प्रसंगातून विचारलेले असतात: स्क्वॉट करताना गुडघे आत येतात, तर कुठला स्नायू कमकुवत असू शकेल आणि आधी काय कराल? नोकरी सांभाळून रोज एक-दीड तास बसलं तर सहा महिने धरावेत.

सीपीआर ऑनलाइन व्हिडिओ बघून येत नाही. पुतळ्यावर गुडघे टेकून करावंच लागतं: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दोन माणसांनी आळीपाळीने करायचं. जिममध्ये रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. १०८ला फोन कोण करणार? लिफ्ट खाली कोण धरून ठेवणार? एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आहे का, असेल तर कुठल्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे? बडोद्यात अनेक जिम दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, खाली दुकानं असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये आहेत. स्ट्रेचर अरुंद जिन्यातून वळत नाही, हे ऐन वेळी कळून उपयोग नसतो.

स्वतःच्या शरीराबद्दल नव्या माणसाला भलतीच चिंता असते, ॲब्ज दिसत नाहीत ही. ते सोडून द्या. खरी अडचण वेगळी आहे. पहिल्या तीन महिन्यांत नवा ट्रेनर दुखावतो तो स्वतःच्या व्यायामाने कमी आणि कामाने जास्त. लोकांनी तशाच टाकलेल्या २० किलोच्या प्लेटी कमरेत पिळून उचलणं, बेंचमागून वाकून स्पॉट (वजन उचलणाऱ्याला आधार) देणं, अंग गरम नसताना दिवसातून वीस वेळा व्यायाम करून दाखवणं, आणि रबरी फरशीवर आठ तास उभं राहणं. कंबर, खांदा, टाच या क्रमाने तक्रारी येतात. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, महिने लागतात. चाळिशीनंतर हे अंतर आणखी जाणवतं. म्हणून रुजू होण्याआधी सहा महिने आठवड्यातून तीन दिवस पाच हालचाली कराव्यात: बसणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन हातात घेऊन चालणं. प्रत्येक सेट अजून दोन रेप (एक रेप म्हणजे व्यायाम एकदा पूर्ण करणं) निघतील एवढ्यावर थांबवायचा. वजन वाढवायचं ते अडीच किलोंनी, आणि दोन आठवडे तेच वजन सहज गेल्यावर. कामावर व्यायाम दाखवताना निम्मं वजन आणि तीन रेप पुरे. समोरच्याला तुमची ताकद बघायची नसते, कोपर कुठे जातं ते बघायचं असतं.

यंत्रांचं थोडक्यात. लॅट पुलडाउनची केबल तुटते ती बहुधा टोकाला, जिथे ती हँडलच्या कडीत बसते. तिथलं प्लास्टिक तडकून आतली तार दिसू लागली की मशीन बंद, ‘उद्या बघू’ नाही. वजनाची पिन अर्धीच आत गेली असेल तर उचलताना प्लेटी निसटतात. ट्रेडमिलची लाल क्लिप (ती ओढली गेली की पट्टा थांबतो) कपड्याला लावल्याशिवाय साठीच्या माणसाला चालवू नये. रॉडचं वजन एकदा काट्यावर करून वहीत लिहावं. ऑलिंपिक रॉड २० किलोचा आणि प्लेट बसते तिथे ५० मिलीमीटर जाड असतो. मोहल्ल्यातल्या जिममधला बारीक रॉड त्याच्या निम्म्या वजनाचाही नसतो. हे माहीत नसलं की जिम बदलल्यावर क्लायंटची ‘ताकद’ एका दिवसात दहा किलोंनी घटते.

आता मुद्द्याचं. चोवीस वर्षांच्या पोरांशी फ्लोअरवर स्पर्धा करू नका. बॉडी ट्रान्स्फॉर्मेशन, बारा आठवड्यांत सिक्स पॅक हे त्यांचं दुकान आहे आणि ते त्यांनाच चालवू द्या. बडोद्यात दुसरा वर्ग मोठा आहे आणि तो जिमच्या दारातून परत जातो. निझामपुरा, सुभानपुरा, कारेलीबाग, मांजलपूर इथली पंचावन्न ते पंच्याहत्तरची मंडळी. मुलं कॅनडा-अमेरिकेत, गुडघे बोलायला लागलेले, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एक्सरसाइज’ एवढाच शब्द लिहून दिलेला. त्यांना ‘अंकल, दो और’ म्हणणारा नको असतो. त्यांना शुगर, पाठ आणि सुनेची बदली हे सगळं एका दमात ऐकून घेऊन मग खुर्ची पुढे सरकवणारा हवा असतो. पंचेचाळिशीतला माणूस हे शिकून येत नाही, त्याला ते असतंच. शिकायचं राहतं ते बाकीचं, आणि त्यात ढिलाई चालत नाही.

पहिली भेट कशी असावी ते जवळून बघू. समजा अठ्ठावन्न वर्षांच्या काकू आल्या आहेत. पहिली पंधरा मिनिटं टेबलाशी बसून. पार-क्यू प्लस नावाचा फॉर्म असतो. त्यातले सुरुवातीचे सात प्रश्न हृदय, छातीतलं दुखणं, चक्कर, दीर्घ आजार, औषधं, हाडं-सांधे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा असं कधी सांगितलंय का, यांबद्दल असतात. एकालाही ‘हो’ आलं तर पुढची पानं भरायची आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांचं लेखी घ्यायचं. फॉर्म काकूंच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. वाचून विचारा. ‘बीपी आहे का?’ला ‘नाही’ म्हणणारी माणसं ‘गोळी कुठली चालू आहे?’ला पाकीटच काढून दाखवतात. गोळी आहे म्हणून बीपी नाही, असा तो हिशोब असतो.

पाकिटावरचं नाव ‘-लोल’ने संपत असेल, म्हणजे मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. ही बीटा ब्लॉकर औषधं ठोके वाढू देत नाहीत. २२० वजा वय हे सूत्र तसंही ढोबळ आहे. २०८ वजा वयाचा ०.७ पट हे जरा बरं. साठाव्या वर्षी पहिल्याने १६० येतात, दुसऱ्याने १६६. पण बीटा ब्लॉकरवर दोन्ही निरुपयोगी. तिथे बोलण्याची कसोटी चालते. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर मध्यम समजायचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी असेल तर व्यायामाआधी ग्लुकोमीटरवर बघायचं. ९०च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक मोठं केळं, मग थोडं थांबून पुन्हा मोजणी, मग व्यायाम. सकाळी गोळी घेऊन, चहावर आलेल्या माणसाला साडेसातला घाम फुटतो आणि हात थरथरतात तेव्हा नवा ट्रेनर त्याला ‘स्टॅमिना कमी’ म्हणतो. ती शुगर उतरलेली असते.

बीपी मोजताना घाई नको. जिना चढून आलेल्याला पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर, मोजताना गप्पा बंद. मिनिटभराने पुन्हा मोजा. विश्रांतीतला आकडा १८०/११०च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, दम किंवा जीभ जड होणं असेल तर डॉक्टरांची वाटही बघायची नाही, थेट १०८.

मग खुर्ची. हात नसलेली, साधारण ४३ सेंटीमीटर उंच, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर फुलीसारखे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२च्या खाली आणि पुरुषाला १४च्या खाली हा आकडा कमी समजतात आणि पडण्याचा धोका वाढलेला धरतात. काकू अठ्ठावन्नच्या आहेत, म्हणजे बारा तर सहज यायला हवेत. नऊ आले तर काम कुठून सुरू करायचं ते कळलं. त्यानंतर ओट्याजवळ उभं करून एका पायावर दहा सेकंद, दोन्ही बाजूंनी.

पहिल्या दिवसाचा व्यायाम इतका हलका असावा की काकूंना वाटावं, एवढंच? खुर्चीवर उशी ठेवून बसणं-उठणं, भिंतीवर हात टेकून पुशअप, दाराच्या कडीला बांधलेला रबरी बँड ओढणं, ओटा धरून टाचा उचलणं. प्रत्येकी आठ-आठचे दोन सेट. बसता-उठताना गुडघा बोलला तर गुडघ्याला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा: बैठक फार खाली आहे का, पावलं जवळ आहेत का, भार चवड्यांवर जातोय का. उशी आणखी एक चढवली, पावलं खांद्यांइतकी लांब केली आणि ‘आधी ढुंगण मागे न्या, मग खाली’ सांगितलं की बहुतेकांचं दुखणं तिथल्या तिथे उतरतं. तरीही दुखलं तर त्या दिवशी सोडा. श्वास रोखून जोर लावायची सवय सगळ्यांना असते आणि त्याने बीपी झपकन वर जातं. उपाय सोपा, आकडे मोठ्याने मोजायला लावा. आकडा म्हणताना श्वास सुटतोच. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा. कळ दोन-तीन दिवस टिकणं नेहमीचं, पण जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल तर तुम्ही जास्त दिलंत. लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तर तातडीने दवाखाना. हे क्वचित होतं, बहुधा खूप दिवसांनी आलेल्याला पहिल्याच दिवशी दमवल्यावर.

बडोद्यात एक खास प्रकार भेटतो, तालमीतले जुने लोक. जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा या शहरात खोल आहे. प्रोफेसर माणिकराव तिथले. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद जवळच्या डभोईचे, आणि १९०७ ते १९१० या काळात त्यांनी माणिकरावांच्या हाताखाली शरीर घडवलं. त्यामुळे सत्तरीचे आजोबा ‘आम्ही रोज दोनशे बैठका काढायचो’ म्हणतात तेव्हा ते फुशारकी मारत नसतात. पण टाचा उचलून, गुडघा पूर्ण मिटवून काढलेली बैठक झिजलेल्या सांध्याला तिसाव्या रेपपर्यंत सोसत नाही. त्यांना बैठक बंद म्हणून सांगू नका, ऐकणार नाहीत. टाच जमिनीवर, मागे खुर्ची, दहाचा सेट, याला बैठकच म्हणा. जोर मारायचे असतील तर हात बाकावर टेकवून.

नवरात्राचा मोसम वेगळाच. ऑगस्टपासून गरब्यासाठी ‘स्टॅमिना’ मागणारे येतात आणि दसऱ्यानंतर तेच लंगडत येतात. कारण सरळ आहे. वर्षभर पिंडरीला काम नाही आणि मग नऊ रात्री रोज तीन-चार तास, तेही अनवाणी, एकाच दिशेने गोल. टाचेचा खालचा पडदा आणि अकिलीस टेंडन एकदम एवढा भार घेत नाहीत. आठ आठवडे आधी सुरुवात हवी. पायरीच्या कडेवर टाच उचलणं, आधी दोन पायांवर, मग एकेका पायावर, शेवटी एका पायावर वीस-बावीस येतील इथपर्यंत. मध्ये एक दिवस सोडून. पाचव्या आठवड्यापासून जागच्या जागी छोट्या उड्या, वीस-वीस सेकंद. शेवटच्या दोन आठवड्यांत घरातल्या फरशीवर अनवाणी गरब्याची दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. सप्टेंबरच्या शेवटी पैसे घेऊन येणाऱ्याला ‘आता बूट घालून खेळा आणि एक दिवसाआड खेळा’ एवढंच सांगता येतं. ते कुणी ऐकत नाही ही गोष्ट निराळी.

पैशाचं गणित कागदावर मांडून बघा. समजा पर्सनल ट्रेनिंगचे बारा सेशन महिन्याला ६,००० रुपये आणि जिमशी वाटणी निम्मी-निम्मी. तुमच्या हातात सेशनला २५० रुपये. सहा क्लायंट म्हणजे ७२ सेशन आणि १८,००० रुपये. घरी जाऊन शिकवलं तर पूर्ण पैसे तुमचे, पण मांजलपूरहून गोत्री आणि तिथून वाघोडिया रोड केलं की तास रस्त्यावर जातो आणि पेट्रोल वेगळं. घरचे तीन क्लायंट एकाच भागात, लागोपाठच्या वेळेत मिळेपर्यंत या मार्गात कमाई नाही. पैसे आगाऊ, बारा सेशन सहा आठवड्यांत वापरायचे, आदल्या रात्री न कळवता रद्द केलं तर सेशन मोजला जाणार, हे लिहून द्यायचं. तोंडी ठरवलेलं ओळखीच्या माणसांत दुसऱ्या महिन्यातच विरघळतं. मे महिना आणि लग्नसराई रिकामी जाते, डिसेंबरात परदेशातली मुलं आली की आईवडील गायब. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नये. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत पोचली तर जीएसटीचं बघावं लागेल. ती चिंता सुरुवातीला कुणालाही नसते.

पावडर, गोळ्या, इंजेक्शनं विकण्यात कमिशन आहे आणि ते तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी देऊ करेल. इंजेक्शनांपासून लांब राहा, त्याला दुसरी बाजू नाही. आहाराबद्दल निरोगी माणसाला सर्वसाधारण सांगणं तुमच्या कक्षेत येतं. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं गाठायला शाकाहारी घरात काय लागतं ते दाखवा: १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर वरणात पाच-सहा, सेव-उसळीत वाटाणे असले तरी वर पसरलेली मूठभर शेव हिशोबाबाहेरची. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, इन्सुलिन यांत तोंड बंद ठेवून आहारतज्ज्ञाचा नंबर द्यायचा.

आणि वही. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण साठीच्या क्लायंटला वही दिसते आणि आवडते. तारीख, बीपी, कुठली गोळी बदलली, कुठला व्यायाम किती, काय दुखलं. दर सहा आठवड्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा, त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला, कारण संध्याकाळी थकलेल्या पायांचे नऊ आणि सकाळचे अकरा यांची तुलना होत नाही. आकड्याचा फोटो टोरांटोतल्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायला काकूंची परवानगी घ्या. फी बहुतेक वेळा तोच भरत असतो.